पेशंटची ड्युटी घेताना पगार, सुट्टी आणि कागद कसा ठरवायचा (सांगली-मिरजेच्या तायांसाठी)

मी चौदा वर्षं पेशंट सांभाळतीय. आधी मिरजेत एका हॉस्पिटलात कंत्राटदाराकडून आया म्हणून, मग पेशंटसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून घरोघरी, आणि गेली चार-पाच वर्षं स्वतःच्या ओळखीवर. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की जे काय बोलायचं ते ड्युटी लागायच्या आधी बोलायचं. एकदा का त्या आजींना आपण आठवडाभर घास भरवला की मग आपल्याच्यानं बोलणं होत नाही, माया लागते, आजी आपला हात सोडत नाहीत, आपण नसलो की जेवत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो जाऊदे पुढच्या महिन्यात बोलू. तो पुढचा महिना काय येत नाही. घरची माणसं वाईट असतात असं नाही, बऱ्याचदा त्यांना आपण काही सांगितलेलंच नसतं.

म्हणून आधी हिशोब शिका, कारण गडबड तिथंच होते. समजा एका घरी १२ तासाची ड्युटी आहे आणि पगार १५,६०० सांगितला, दुसऱ्या घरी २४ तासाची आहे आणि १८,२०० सांगितला. ऐकताना दुसरं बरं वाटतं, आणि जेवणखाण पण तिथंच. आता महिन्याला २६ ने भागा, ३० ने नाही, कारण आठवड्याची सुट्टी पगारातच धरलेली असते. पहिल्या घरी दिवसाला ६०० पडतात, १२ तासाने भागलं की तासाला ५०. दुसऱ्या घरी दिवसाला ७००, २४ ने भागलं की तासाला २९ रुपये. म्हणजे वरचे १२ तास, ती अख्खी रात्र, तुम्ही १०० रुपयात दिली. हे मी पहिल्यांदा भाचीच्या वहीवर मांडून बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण तोवर मी तीन वर्षं अशाच ड्युट्या केल्या होत्या आणि पगार जास्त मिळतो म्हणून खूष होते.

तुमचा आकडा काढताना अजून एक माप हाताशी ठेवा. सरकार किमान वेतन ठरवतं, त्यात हॉस्पिटलच्या कामाचा वेगळा दर असतो, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे भाग असतात, आणि त्यातला विशेष भत्ता वर्षातनं दोनदा म्हणजे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. चालू दर कामगार ऑफिसात विचारला तर सांगतात. तो दर ८ तासाच्या कामाचा असतो हे विसरू नका. १२ तास करत असाल तर ४ तास वरचे झाले. घरच्या ड्युटीला तो दर दाखवून कायदा सांगायचा असं नाही, पण बोलताना आपल्याकडे एक आकडा असला की आवाज कापत नाही. आणि मिरज काय आज पेशंटचं गाव झालेलं नाही, वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ सालचं आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जत, अथणी, विजापूरकडनं माणसं उपचाराला येतात, आणि ऑपरेशन झालं की घरी सांभाळायला माणूस लागतोच. मुलं पुण्यात नाहीतर बाहेरदेशी, आईवडील सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये, ही घरं तर वाढायलीत. तुम्ही कुणाकडं उपकार मागायला जात नाही, एवढं डोक्यात पक्कं करून जा.

आता कागद. लोक म्हणतात घरच्या कामाला कशाला कागद, विश्वासावर चालतं की. चालतं, जोवर सगळं बरं आहे तोवर. मी आता साध्या वहीच्या पानावर लिहून घेते, दोघांच्या सह्या, आणि मोबाईलमध्ये फोटो. जास्त मोठं नको, एवढं पुरतं बघा:

"दि. ___ पासून सौ. ___ यांना आमच्या आईंच्या देखभालीसाठी ठेवले आहे. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. पगार महिना ___ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बँक खात्यावर. आठवड्याला एक सुट्टी, वार ___. सुट्टीदिवशी थांबल्यास त्या दिवसाचा पगार वेगळा. काम: अंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणे, औषधे वेळेवर देणे, चालवणे, पेशंटचे कपडे व अंथरूण. घरचा स्वयंपाक, भांडी, धुणे यात नाही. रात्री ८ नंतर थांबावे लागल्यास तासाला ___ रुपये. काम बंद करायचे असल्यास दोन्हीकडून १५ दिवस आधी सांगणे, नाहीतर १५ दिवसांचा पगार. पेशंट दवाखान्यात ॲडमिट झाल्यास किंवा दगावल्यास ___."

ती शेवटची ओळ लिहायला जीभ रेटत नाही, मला पण. पण तीच सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडं शेवटी येते.

"घरचा स्वयंपाक यात नाही" हे मी मुद्दाम लिहिते. सुरुवात अगदी गोड होते. मावशी, जरा चार चपात्या लाटता का, आज बाई आली नाही. आपण लाटतो. दुसऱ्या आठवड्यात चपात्या रोजच्या होतात, मग कूकर, मग नातवाला शाळेतनं आणायचं, आणि इकडं आजी ओल्या डायपरमध्ये तासभर पडून. पाठीला जखम झाली की विचारणार कुणाला, आपल्यालाच. तेव्हा पहिल्या वेळेलाच हसून सांगायचं, वहिनी आज करते, पण आईंना दोन तासाला कूस बदलायची असते, रोज जमणार नाही. रोज पाहिजेच असेल तर त्याचे वेगळे पैसे बोला. दोन्हीपैकी एक. उलटं पण आहे, इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं ही कामं नर्सिंग शिकलेल्या सिस्टरची. नळीतनं भरवायचं कसं ते सिस्टरनं समोर दाखवून शिकवलं असेल तर भरवा, डोकं उंच करून, आणि भरवल्यावर अर्धा तास तसंच बसवून. पण "तुम्हाला एवढा अनुभव आहे, घाला की नळी" म्हटलं तर नाही म्हणायचं, ५०० रुपये जास्त दिले तरी नाही. काय उलटसुलट झालं तर तो जीव जातो आणि आपण पोलीस स्टेशनला.

२४ तासाची ड्युटी घेणार असाल तर झोपेचं बोला. जेवण मिळेल का हे सगळ्या विचारतात, झोप कुणी विचारत नाही. रात्री सलग पाच तास झोप मिळत नसेल तर ती एका माणसाची ड्युटीच नाही, रात्रीला दुसरी बाई लागते असं स्पष्ट सांगायचं. झोपायला स्वतःची कॉट किंवा गादी, सामान ठेवायला कुलपाचा एक कप्पा, संडास-बाथरूम वापरायला मिळणार का, आणि जेवण घरच्यांचंच ना, हे सगळं आधी बघून घ्या. कप वेगळा, ताट वेगळं ठेवणारी घरं अजून आहेत, सांगलीत पण आहेत. ज्या हातानं तुमच्या आईला भरवायचं त्या हाताला कप वेगळा. मी असल्या घरी आता थांबत नाही, ज्यांना पोटासाठी थांबावं लागतं त्यांना मी नावं ठेवत नाही, पण विचारायला तरी शिका, विचारल्यावर काही घरं बदलतात हे मी बघितलंय.

पगार वाढवून घ्यायचा कसा, हे सगळ्यात जास्त विचारतात म्हणून हे जरा सविस्तर सांगते. माझं साधन म्हणजे २०० पानी वही. मिरजेत एका घरी पॅरालिसिसचे आजोबा होते, मुलगा-सून नोकरीवाले, माणसं चांगली. सहा महिने झाले, मी वाढ मागितली, तर मुलगा म्हणाला मावशी रात्री तर तुम्ही झोपताच की, दिवसा पण बाबा झोपूनच असतात. मी तिथं काही बोलले नाही. त्या रात्रीपासनं वहीत टाईम टाकून लिहायला लागले. रात्री ११:१० डायपर बदलला. १:०० डावी कूस. १:४० खोकला, उठवून बसवलं, पाणी. ३:०० उजवी कूस, टाचेखाली उशी. ३:३५ युरिन बॅग भरली, ६०० मिली रिकामी केली. ४:५० संडास, चादर बदलली. ६:०० बीपी. असं पंधरा रात्री लिहिलं, आणि वही टेबलावर ठेवली, बोलले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सुनबाईंनी वही वाचली, मला म्हणाल्या तुम्ही झोपता कधी. त्या महिन्यापासनं पगार २,५०० नं वाढला आणि आठवड्यातनं दोन रात्री मुलगा स्वतः बाबांजवळ झोपायला लागला. भांडून हे झालं नसतं.

वहीचे फायदे अजून आहेत. डॉक्टर आले की वही दाखवायची, लघवी किती झाली, शुगर किती, कुठली गोळी राहिली, डॉक्टरच घरच्यांना सांगतात की या बाईला सोडू नका. आणि पाठीवर जखम नाही, दोन वर्षं झोपून असलेल्या माणसाला एक बेडसोर नाही, हे त्या वहीतनं दिसतं. दर सहा महिन्याला वाढ मागायची आणि वही पुढं करायची. वाढ मागायची वेळ पण बघा, औषधपाण्याचं बिल आलेल्या दिवशी नको, आणि घरात कर्ता कोण, पैसे कोण देतं, त्यालाच बोलायचं, आजींसमोर कधीच नाही, त्यांना ओझं झाल्यासारखं वाटतं.

आता ब्युरो. सगळे वाईट नसतात, नवीन बाईला पहिलं काम ब्युरोच देतो. पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय नाव घालू नका. घरच्यांकडनं किती घेता आणि मला किती देता. कमिशन दर महिन्याला की एकदाच. आणि पगार कोण देणार, म्हणजे माझा मालक कोण. एका ब्युरोनं मला दीड वर्ष १२,००० दिले, आणि पेशंटच्या मुलीनं बोलता बोलता सांगितलं की त्या १९,००० भरतात. दर महिन्याला ७,०००, दीड वर्ष! मी विचारायला गेले तर म्हणाले परवडत नसेल तर सोडा. सोडलं. ओरिजिनल आधार, मार्कलिस्ट, सही केलेला कोरा चेक कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचा नाही. झेरॉक्स द्या, तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहून.

हॉस्पिटलात कंत्राटदाराकडनं असाल किंवा मोठ्या एजन्सीच्या पगारावर असाल तर तुमच्या बाजूनं कायदा बराच आहे, तो वापरायचा राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासनं नवीन लेबर कोड म्हणजे कामगार कायदे लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायला पाहिजे असं आहे, काम सोडलं किंवा काढलं तर २ कामाच्या दिवसांत हिशोब, ओव्हरटाईम दुप्पट दरानं, आणि थकलेल्या पगारासाठी ३ वर्षांपर्यंत दावा करता येतो. कंत्राटदारानं पगार बुडवला तर ज्याच्याकडं काम केलं त्या मूळ मालकाला तो द्यावा लागतो, म्हणजे हॉस्पिटलला. १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा पाहिजे, तुमच्या पगारातनं ०.७५ टक्के जातात, १५,००० पगाराला साधारण ११३ रुपये, आणि मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. त्यात तुमच्या घरच्यांचे उपचार, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा बसते. पगारातनं पीएफ-ईएसआय कापतात पण नंबर देत नाहीत असं चालू असेल तर नंबर मागा, लेखी मागा. नंबर दिला तर मोबाईलवर उमंग ॲपमध्ये पैसे भरलेत का दिसतं. नाही दिला तर सहायक कामगार आयुक्त ऑफिसला अर्ज, दोन प्रती करून, एका प्रतीवर पोच शिक्का घेऊन. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

वकील परवडत नाही म्हणून गप बसू नका. विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला बाईला लागत नाही. हेल्पलाईन १५१००.

घरच्या ड्युटीवर ही पकड एवढी घट्ट नाही, म्हणून तर तो वहीच्या पानावरचा कागद. पण दोन नोंदण्या करून ठेवा. ई-श्रम कार्ड, वय १६ ते ५९, पीएफ-ईएसआय नसणाऱ्यांसाठी, आधारला मोबाईल लिंक असेल तर घरी पण होतं आणि फुकट आहे. आणि घरकामात मोडत असाल तर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ, कायदा २००८ चा, १८ ते ६० वयाला, नोंदणीचं कामगार ऑफिसातच विचारा. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर झाले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया याद्या बघत बसल्या, नाव कुणाचंच नव्हतं, कारण नोंदच नव्हती. वय ४० च्या आत असेल तर श्रमयोगी मानधन पेन्शन पण बघा, १८ व्या वर्षी महिना ५५ आणि ४० व्या वर्षी २०० असा हप्ता, सरकार तेवढेच घालतं, आणि ६० नंतर महिना ३,०००.

अंगाचं पण बोलायचं राहून जातं. या कामात पहिली जाते ती कंबर. ७५ किलोचा माणूस एकटीनं ओढून वर घ्यायचा नाही, पेशंटच्या पाठीखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन्हीकडनं धरून सरकवा, घरातल्या एकाला त्या वेळेला यायला सांगा, हे पण ठरवून घ्यायचं. ग्लोव्हज, हवेची गादी, कमोड खुर्ची घरच्यांनी आणायची. हिपॅटायटीस बी ची लस घ्या, तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, आणि खर्च मालकाकडं मागा. वापरलेली सुई टोचली तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच सिव्हिल. एचआयव्ही होऊ नये म्हणूनच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जेवढ्या लवकर तेवढं बरं. उद्या बघू म्हणू नका.

घरातल्या कुठल्या पुरुषानं हात लावला, घाण बोलला, तर तुम्ही घरकामाला असलात तरी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुम्हाला लागू आहे. जिल्ह्याची स्थानिक तक्रार समिती असते, कलेक्टर ऑफिसला विचारा, तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यायची. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. आणि चोरीचा आळ टाळायला पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा, दागिने-पैसे कुलपात ठेवा, आजींच्या अंगावरच्या बांगड्या, कुडीचा फोटो माझ्यासमोर काढा. वाईट वाटत नाही कुणाला, उलट बरं वाटतं. आजींचं एटीएम हातात घ्यायचं नाही, आजी कितीही म्हणू देत.

सांगलीला पुराचं पण लिहून घ्यावं लागतं. ऑगस्ट २०१९ ला मी गावभागात ड्युटीला होते, पाणी चढायला लागलं, आजींना खुर्चीत बसवून चौघांनी वरच्या मजल्यावर नेलं, आणि सहा दिवस मी तिथंच. लाईट नाही, हवेची गादी बंद, म्हणून दर तासाला कूस. माझी स्वतःची पोरं मिरजेत आईकडं, फोन बंद. पाणी उतरल्यावर पगार झाला तो नेहमीचाच, १२ तासाच्या हिशोबानं. मी मागितलं नाही, त्यांचं सगळं घर चिखलात, कुठल्या तोंडानं मागणार. म्हणून आता कागदावर एक ओळ असते, पूर, बंद, लॉकडाऊन यात अडकून राहावं लागलं तर २४ तासाचा दर. वेळेचं पण तसंच, रात्री ८ ला सुटणार तर ८ ला सुटायचं, पुढं मिरजेला जायला वडाप, म्हणजे शेअरची गाडी, मिळत नाही, रिक्षा लागली तर रिक्षाचे पैसे त्यांचे.

आणि एकटीनं हे सगळं करू नका. आम्ही सहाजणी आहोत, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, १२ तासाचा आणि २४ तासाचा कमीत कमी दर ठरवलाय, त्याच्या खाली कुणी जात नाही. एकीला ताप आला तर दुसरी बदली जाते, त्यामुळं घरच्यांना खाडा पडत नाही आणि ते ब्युरोकडं जात नाहीत, ब्युरोचं कमिशन वाचतं ते आपल्यात येतं. सुरुवातीला एक ताई २,००० कमी घेऊन गुपचूप गेली होती, तिच्यावर चिडलो नाही, तिच्या मुलाची फी होती, ग्रुपनं भिशीतनं फी भरली आणि ती परत दरावर आली. ट्रेड युनियन नोंदवायला सातजणी लागतात, आमची सातवी बघायला चालू आहे. माथाडी कामगार, म्हणजे ओझी उचलणारे हमाल, पण एकेकाळी रोजच्या रोज टोळीवाल्याच्या हातात बघत होते, १९६९ ला त्यांच्यासाठी कायदा झाला, मंडळ झालं, मालक पैसे मंडळात भरतो आणि मंडळ पगार, पीएफ बघतं. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील आपल्याच सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी तसं मंडळ व्हावं असं मला मनापासनं वाटतं, आणि ते कधी झालंच तर ज्यांच्याकडं वह्या आणि कागद आहेत त्यांची नोंद आधी होईल.

आता ती शेवटची ओळ. पेशंट जातो तेव्हा आपली नोकरी पण त्याच दिवशी जाते. मिरजेचे ते आजोबा पहाटे गेले, मी अंघोळ घालायला मदत केली, दहा दिवस त्या घरी येत-जात राहिले, चहा करत राहिले, आणि महिना १९ दिवसांवर थांबला. आता मी लिहून घेते, दगावल्यास चालू महिन्याचा पूर्ण पगार, ॲडमिट झाल्यास पहिले १५ दिवस पूर्ण पगार किंवा दवाखान्यात ड्युटी. हे बोलताना "देव न करो" म्हणायचं आणि बोलायचं. आणि तेराव्यानंतर एकदा जाऊन अनुभवाचं पत्र मागायचं, किती वर्षं, कसला पेशंट, काय काय काम केलं, फोन नंबरसकट सही. आजोबांच्या सुनबाईंनी लिहून दिलेल्या पत्रात "दोन वर्षांत एकही बेडसोर झाला नाही" एवढी ओळ आहे. पुढच्या घरी मी आधी ते पत्र दाखवते आणि मग आकडा सांगते.